सत्तर टक्के पारदर्शक

अकोल्यात मोटार विकत घेणाऱ्या माणसाने मायलेज विचारत बसू नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीटबेल्टचं बक्कल किती तापतं, तेवढं विचारावं. आम्ही ते विचारलं नाही. त्यामुळे गाडी घरी आल्याच्या तिसऱ्याच दिवशी, भाजीबाजारातून परत निघताना, माझ्या डाव्या कमरेवर शर्टाच्या आरपार एक चौकोनी चटका बसला. गुरांना डाग द्यायची पद्धत आता बंद पडली म्हणतात. बंद पडलेली नाही, गुरांवरून मालकांवर आली आहे, एवढंच.

आता वऱ्हाडातल्या माणसाला ऊन नवं नाही. उन्हाशी लढायची आमची हत्यारं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खिडकीत कुलर आणि दुपारी बारा ते पाच कुणाच्याही घरी न जाण्याची सभ्यता. पण ही सगळी हत्यारं घरासाठी आणि पायी चालणाऱ्या माणसासाठी झाली. मोटारीला कुलर बसत नाही. एसी असतो, नाही असं नाही. पण मैदानात तीन तास उभ्या राहिलेल्या गाडीत बसून तो चालू केला की पहिली दहा मिनिटं तो आतलीच हवा, फक्त जरा जोरात, आपल्या तोंडावर फेकतो. स्टिअरिंग तर तव्यावरच्या भाकरीसारखं बोटांच्या टोकांनी वळवावं लागतं.

सुरुवातीला आम्ही फुकटातले उपाय करून पाहिले. काचांना आतून वर्तमानपत्र लावलं, ते वळणावर निसटून माझ्या मांडीवर आलं आणि मी सिग्नलला थांबलेलो असताना सवयीने वाचायला लागलो. मग चुंबकाच्या जाळ्या आणल्या. त्यांच्यावर अस्वलाची चित्रं होती. पन्नाशीच्या माणसाने अस्वलाआडून डोकावत गाडी हाकणं बरं दिसेना. आईने आपल्या परीने डॅशबोर्डवर एक पांढरा कांदा ठेवला. गाडीला ऊन लागू नये म्हणून. तो कांदा पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मग ज्याला विचारावं तो एकच सल्ला देऊ लागला, ‘फिल्म मारून घ्या ना भाऊ.’ आमच्याकडे गाडीला फिल्म लावत नाहीत, मारतात.

घरात बैठक बसली. बैठकीत असं लक्षात आलं, की फिल्म सगळ्यांनाच हवी किंवा नको आहे, पण त्यात उन्हाचा वाटा फारच थोडा आहे. बायको डाव्या सीटवर बसते, त्यामुळे तिचा डावा हात आणि डावा गाल उन्हात असतो. “अहो, मी दोन रंगांची होत चालले आहे,” असं म्हणून तिने दोन्ही हात पुरावा म्हणून टेबलावर ठेवले. मुलगा पुण्यात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, “बाबा, सिरॅमिकच घ्या, बाकी काही घेऊ नका,” आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. आमच्या घरी सिरॅमिक म्हणजे लोणच्याची बरणी. मला त्याची काही संगती लागली नाही. शेजारच्यांचं म्हणणं, फिल्मने एसीवरचा भार कमी होतो आणि पेट्रोल वाचतं. हे सांगणाऱ्यांकडे स्कूटर आहे.

विरोधी पक्षात एकटी आई होती. “नव्या गाडीले काळं काऊन फासून रायला बाप्पा?” असा तिचा सरळ सवाल. ऊन तिच्या लेखी विषयच नव्हता. ऐंशी उन्हाळे तिने बिनकाचेच्या एसटीत, बैलबंडीत आणि पायी काढलेले. तिचं दुःख वेगळं होतं. साठ वर्षांनी घरच्या मोटारीत बसायला मिळालं, राजराजेश्वराच्या दर्शनाला जाताना भजनी मंडळातल्या बायका रस्त्यात भेटणार, आणि नेमकं तेव्हाच आत कोण बसलंय ते त्यांना कळू नये? मग रिक्षाच काय वाईट होती? रिक्षात निदान चारी बाजूंनी दिसतं.

माझं कारण मी बैठकीत सांगितलं नाही. इथे सांगतो. गाडी मागे घेताना माझी जीभ आपोआप बाहेर येते. शाळेत कठीण गणित सोडवताना यायची, तशीच. कॉलनीतली पोरं ती पाहायला थांबतात. हे झाकण्यासाठी मी दहा-पंधरा हजार मोजायला तयार होतो.

फिल्म म्हटली, की मला सगळ्यात आधी आमचे साडू आठवतात. 2012 पर्यंत त्यांच्याकडे एक मोठी पांढरी गाडी होती आणि तिच्या काचा इतक्या काळ्या, की गाडी उभी असली तर लोक त्यात पाहून भांग पाडत. साडूंना राजकारणाची हौस. पद कुठलंच नव्हतं, पण काचा होत्या. ती गाडी गावातून सावकाश गेली की लोक बाजूला सरत, एखाददुसरा नमस्कारही करी. आत कोणी मोठा माणूस असणार असं ज्याचं त्याने ठरवलेलं. काळ्या काचेचं हेच बळ आहे. ती आतला माणूस दाखवत नाही आणि त्यामुळे बाहेरचा माणूस आपल्या मनातला कोणीतरी तिथे नेऊन बसवतो.

मग 27 एप्रिल 2012 उजाडला. अविषेक गोएंका नावाच्या गृहस्थांनी केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मोटारीच्या काचांवर काळी फिल्म चालणार नाही. अंमल 4 मेपासून. म्हणजे ऐन वैशाखात. काळ्या काचांआड गुन्हे होतात, आत कोण आहे आणि काय चाललंय ते पोलिसांना दिसत नाही, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. मोकळीक फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. साडूंना सुरक्षा म्हणून घरचं कुत्रं होतं, तेही दुपारी झोपायचं.

त्या मे महिन्यात चौकाचौकात पोलीस गाड्या थांबवून फिल्म उतरवत होते. कोणी ब्लेडने, कोणी नखाने. सोलताना अशी चर्रकन निघायची, की पाहणाऱ्याच्याच अंगावर काटा यावा. साडूंची गाडी भर बाजारात सोलली. काच साफ झाली आणि इतकी वर्षं जिला नमस्कार घातले त्या गाडीत लोकांना काय दिसलं? साडू. एका हातात शेगावची कचोरी, दुसऱ्या हातात मिरची. त्यानंतर त्यांनी राजकारण सोडलं. लोक म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

नियम तसा त्याहून जुना. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. त्यातला शंभरावा सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे आणि बाजूच्या काचांतून निदान 50 टक्के. लोकांनी याचा अर्थ काढला, की तेवढा उजेड जाईल अशी फिल्म मारली तर हरकत नाही. न्यायालयाने म्हटलं, तसं नाही. कारखान्यातून काचच तशी आली तर ठीक, वरून काहीही चिकटवायचं नाही, मग त्यातून कितीही उजेड जावो. पुढे नियमात बदल झाला आणि 1 एप्रिल 2021 पासून सेफ्टी ग्लासच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ असा शब्द आला, ज्यात आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. यावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं, की उजेडाची टक्केवारी पाळणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही. म्हणजे प्रश्न असा, की फिल्म लावलेली काच ही काच आहे, की काच आणि वर फिल्म? हा प्रश्न मी बायकोला विचारला. ती म्हणाली, “फॉल लावलेली साडी ही साडीच असते.” घटनापीठालाही यापेक्षा सोपं करून सांगता आलं नसतं.

पण फॉल न लावता साडी नेसलेली चालते आणि फॉल दिसला म्हणून पाचशे रुपये दंड होत नाही, हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

बाजारातल्या दुकानात गेलो. बाहेर सीटकव्हरं, भोंगे, आरशाला टांगायच्या लिंबू-मिरच्या (प्लास्टिकच्या, म्हणजे शनिवारी बदलायला नकोत) आणि आत काउंटरवर एक लाल दिवा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे शेक द्यायला असतो, तसा. दुकानदाराने माझा हात धरून त्या दिव्यासमोर नेला. चटका बसला. मग मध्ये एक काळीकुट्ट फिल्म लावलेली काच धरली. चटका कमी झाला, पण होता. मग मध्ये एक जवळजवळ पांढरी काच धरली. आणि चटका गेलाच. मी काचेच्या मागे दुसरी काच आहे का ते पाहिलं. नव्हती.

“हे बघा काका,” तो म्हणाला, “लोक समजतात काळं तेवढं थंड. तसं नाही.”

पुढे त्याने जे सांगितलं ते मला शाळेत कळायला हवं होतं. सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना दिसतच नाही, तो इन्फ्रारेड असतो. साधी रंगाची फिल्म दिसणारा उजेड अडवते, त्यामुळे आत अंधार होतो आणि आपल्याला उगीच गार वाटतं. न दिसणारा बराचसा भाग आत येतच राहतो. शिवाय काळी फिल्म स्वतः ऊन पिऊन तापते आणि त्यातली थोडी उष्णता आत सोडते. काही वर्षांत रंग उडून जांभळी पडते, ती वेगळीच. धातूचा थर दिलेली फिल्म ऊन परतवते, पण मोबाइलच्या आणि फास्टॅगच्या लहरींनाही आडवी येऊ शकते. सिरॅमिकमध्ये धातू नसतो. ती दिसणारा उजेड बराचसा आत सोडते आणि न दिसणारा अडवते. अतिनील किरण तर चांगली कुठलीही फिल्म 99 टक्के अडवते.

“म्हणजे ही लोणच्याच्या बरणीची नाही,” मी म्हणालो. तो हसला नाही. धंद्यातली माणसं तापमानावर विनोद करत नाहीत.

त्याने नमुन्यांचं पुस्तक उघडलं. बायको साडीच्या दुकानात पाहते तसं ते आम्ही उजेडाकडे धरून पाहिलं. प्रत्येक तुकड्यावर आकडा. 20, 35, 50, 70. मला 70 म्हणजे सत्तर टक्के काळी वाटली. उलटं निघालं. हा आकडा व्हीएलटीचा, म्हणजे किती उजेड आत येतो त्याचा. सत्तरची फिल्म हातात धरली तर हात दिसतो, नखं दिसतात, नखांतली हळदही दिसते.

“मग बाजूला पन्नासची टाका,” मी नियम पाठ करून गेलेला असल्यामुळे रुबाबात म्हणालो.

“काका, तुमची काच काय शंभरची आहे का?”

हा एक सवाल मी आयुष्यात विसरणार नाही. कंपनीची काच मुळातच जरा हिरवट असते. समजा ती 75 टक्के उजेड सोडते. त्यावर पन्नासची फिल्म लावली, तर पंचाहत्तराचे निम्मे, म्हणजे साडेसदतीस. नियम मोडला. सत्तरची लावली तर पंचाहत्तराचे सत्तर टक्के, साडेबावन्न. वाचलो. मात्र मागच्या काचेला 70 हवेत, तिथे साडेबावन्न म्हणजे नापास. पुढच्या काचेचंही तेच. म्हणजे मागच्या आणि पुढच्या काचेला हात लावायचा नाही. फिल्म निघेल फक्त चार दरवाजांची, आणि तीही सत्तरची, म्हणजे जवळजवळ न दिसणारी. किंमत चौदा हजार. दोन हजारांचीही होती, पण ती दिव्यासमोर नापास झाली होती आणि माझ्या तळहाताला ते माहीत होतं.

दुकानदाराने जाता जाता एक रोल दाखवून म्हटलं, की हा आपल्या छत्रपती संभाजीनगरचा माल, गरवारेंचा. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत तयार होऊन परदेशी जातो. आबासाहेब गरवारेंनी धंद्याची सुरुवात मोटारींच्या खरेदी-विक्रीने केली होती, हे मला कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि बरं वाटलं. मराठी माणसाने मोटारींपासून निघून मोटारींच्या काचांपर्यंत यावं, जगभरच्या गाड्या गार कराव्यात, आणि आपल्या गावात मात्र त्याच मालावरून हवालदाराशी वाद व्हावा. हापूसचंही असंच झालं. चांगला माल बाहेर जातो, आपल्या वाट्याला भांडण येतं.

सोमवारी संध्याकाळी फिल्म मारायची ठरली. दुकानामागे पत्र्याचं शेड, त्यात आमची गाडी. कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादने आल्या आल्या पहिलं काम केलं ते म्हणजे शेडमधला पंखा बंद केला. मग शटर खाली ओढलं. मग जमिनीवर पाणी मारलं. पंख्याने धूळ उडते आणि धुळीचा एक कण फिल्मखाली गेला तर तो जन्मभर दिसतो, म्हणून. गारवा आणणारी वस्तू बसवण्यासाठी त्रेचाळीस डिग्रीत पंखा बंद करून पत्र्याखाली बसावं लागतं, ही गोष्ट फिल्मच्या जाहिरातीत कुठेही लिहिलेली नसते.

पण काम पाहण्यासारखं होतं. काचेवर आधी साबणाचं पाणी. त्यात लहान मुलांचा शाम्पू घातलेला, कारण त्याने फिल्म सरकते आणि पाहिजे तिथे बसवता येते. मग ब्लेडने काच खरवडली. मला वाटत होतं आमची काच स्वच्छ आहे. ब्लेडवर जे आलं ते पाहून बायको लाजली. मग फिल्म काचेच्या बाहेरच्या बाजूने अंदाजे कापायची, काचेची गोलाई साधायला हीट गनचा झोत द्यायचा, म्हणजे ती आकसून पोटाशी घट्ट बसते. मग मागचा पारदर्शक कागद सोलायचा. हा कागद सोलताना उस्ताद श्वास रोखून धरत होता. मीही रोखला. बायकोनेही रोखला. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकलत जायचं, पोळी लाटावी तसं. तिसऱ्या दारावर पट्टी फिरवून झाल्यावर उस्ताद थांबला, डोळा बारीक करून पाहिलं आणि अख्खी फिल्म उतरवून टाकली.

“काय झालं?” मी.

“तीळ.”

मला दिसला नाही. त्याने बोट ठेवून दाखवला तेव्हाही मला बोटच दिसलं. माझा चष्मा दोन नंबरचा, त्याच्याकडे चष्मा नाही. आम्ही कॉलेजातून तेहेतीस वर्षं पेपर तपासले, पण एका तिळापायी उत्तरपत्रिका पुन्हा लिहायला लावावी अशी नजर आम्हाला आली नाही. त्याने दुसरा तुकडा कापला, पुन्हा पाणी, पुन्हा पट्टी. मजुरीत एक पैसा जास्त मागितला नाही. जाताना मात्र एक अट घातली.

“साब, चार दिन काँच नीचे नहीं करने का. बिल्कुल नहीं. पानी सूखने दो.”

आत अजून पाण्याचे बारीक बारीक बुडबुडे दिसत होते. ते आपोआप जातात म्हणाला. आम्ही घरी आलो. कॉलनीतल्या एकालाही काही कळलं नाही. “फिल्म मारणार होते ना भाऊ?” शेजारी दोनदा विचारून गेले. चौदा हजार रुपये खर्च करून आमच्या गाडीत काहीही फरक पडलेला नव्हता. आईला मात्र आनंद झाला. तिने बाहेर उभं राहून आत पाहिलं, मग आत बसून बाहेर पाहिलं आणि फिल्म पास केली. माझी जीभ पूर्वीसारखीच सगळ्यांना दिसत राहिली.

आता चार दिवस काच खाली न करता गाडी चालवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. गावातल्या गाडीची काच ही वाऱ्यासाठी नसतेच, ती बोलण्यासाठी असते. रस्त्यात कोणी भेटला, ‘काय म्हनता सर?’ म्हणाला, की काच खाली करून ‘बस, चाललंय’ म्हणावं लागतं. मला आता गाडी थांबवून, दार उघडून, उतरून ‘बस, चाललंय’ म्हणावं लागे. समोरच्याला वाटे, सरांकडे काहीतरी महत्त्वाचं काम आहे. मागचे भोंगे वाजवत. दोघांनी तर मी उतरलोय म्हणून उधारीचा विषय काढला. तिसऱ्याने लग्नाची पत्रिका दिली.

आणि आला गुरुवार. म्हणजे तिसरा दिवस. गुरुवारी आईला शेगावला नेलं नाही तर गाडी घेतली कशाला? पहाटे निघालो. ऊन पाठीमागे होतं, म्हणजे नेमकी ती काच जिला फिल्म नव्हती. आई मागच्या सीटवर, खिडकीशी, नवं लुगडं नेसून. डॅशबोर्डवर कांदा.

गावाचं नाव सांगत नाही, पण एका चौकात वाहतूक हवालदार उभे होते. त्यांनी हात केला तो आम्हाला नव्हता, पुढच्या ट्रकला होता. पण मी घाबरून थांबलो. ते जवळ आले. खिडकीवर टकटक केलं आणि हाताने खूण केली, काच खाली.

मीही हाताने खूण केली, होत नाही.

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात संशयास्पद खूण असावी. त्यांच्या भुवया वर गेल्या. मी दार उघडायला गेलो तर ते दाराला टेकून उभे होते. शेवटी बाजूला झाले, मी उतरलो आणि सांगितलं, की साहेब, काच बिघडली नाही, ओली आहे.

“ओली?”

तिथेच मी चुकलो. ‘बिघडली आहे’ म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सुटलो असतो. आता त्यांनी मान तिरकी केली, काचेला तिरकं पाहिलं आणि पाण्याचे ते बारीक बुडबुडे त्यांच्या नजरेला पडले. सगळ्या अकोल्यात एकाही माणसाला न दिसलेली माझी फिल्म पहिल्यांदा कोणीतरी पाहिली होती. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं.

“फिल्म मारली ना?”

“साहेब, सत्तरची आहे. काचेचे धरून साडेबावन्न टक्के उजेड जातो. नियमात पन्नास आहे.”

“मोजला कोनी?”

मशीन दोघांकडेही नव्हतं. मी पाकिटातून फिल्मची पावती काढली. त्यावर 70 लिहिलेलं. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, “म्हंजे सत्तर टक्के काळी?” मला माझीच आठवण झाली. मी त्यांना सगळं समजावलं. इन्फ्रारेड, लाल दिवा, पंचाहत्तराचे सत्तर टक्के. ते शांतपणे ऐकत होते. त्यांच्या डोक्यावर ऊन होतं, माझ्याही. वर्षानुवर्षं वर्गात शिकवल्यामुळे मला वाटलं, हा विद्यार्थी लक्ष देतोय. शेवटी मी ठेवणीतला मुद्दा काढला, “आणि साहेब, केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्येच सांगितलंय...”

“सर, गाडी केरळात चालवता का?”

इतक्यात मागून आईने काचेवर बोट वाजवून खुणेनेच विचारलं, काय झालं. हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं, तिने त्यांना हात जोडले. त्यांनीही जोडले. मला वाटलं, सुटलो. ते मला म्हणाले, “आजींना शेगावले नेता, चांगलं करता,” आणि मोबाइल काढून गाडीचा फोटो काढला. पहिली वेळ म्हणून 500. दुसऱ्यांदा सापडलात तर 1500.

दर्शन झालं, कचोरी झाली, परत येताना दोन तासांत मेसेज आला. मी घरी येऊन चष्मा लावून चलान उघडलं, वाद घालायच्या तयारीने. कलम, रक्कम, वेळ, आणि खाली पुरावा म्हणून फोटो. पुरावा कशाचा, तर आतलं दिसत नाही याचा. फोटोत डाव्या दाराच्या काचेआडून आई दिसत होती. नुसती दिसत नव्हती, नव्या लुगड्याचे काठ मोजता यावेत इतकी स्वच्छ. हात जोडलेले, मान जरा झुकलेली, चेहऱ्यावर सकाळचं कोवळं ऊन. पुढे डॅशबोर्डवर कांदा. मी या फोटोच्या जोरावर चलानाला आव्हान द्यायचं ठरवून मुलाला फोन लावला.

तोपर्यंत आईने मोबाइल हातात घेतला होता. तिने तो लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

“हा फोटो कोनं काढला रे?”

“पोलिसांनी.”

“किती घेतले?”

“पाचशे.”

“घेऊ दे. स्टुडिओवाला याच्यापक्षा खराब काढते,” ती म्हणाली. “भरून टाक पैसे. भांडू नको त्या पोराशी. अन् आधी हा त्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाक.”